सूडाच्या वाटेवर उभी राहिलेली अबीगईल
(शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय २५)



एका प्रकारच्या कथा लोकांना फार आवडतात. कोणी एक थोर कुळातला, तलवारीचा धनी असा पुरुष असतो. अपमानाने त्याचे अंतःकरण पेटलेले असते. मग खेड्यातील एखादी सुशील व दयाळू स्त्री त्याच्या वाटेत येते, आणि तिच्यामुळे त्याचा क्रोध शांत होतो. अशा कथा कादंबऱ्यांतून लिहिल्या जातात, चित्रपटांतून दाखविल्या जातात, आणि बहुधा लग्नाच्या मंडपातच त्यांचा शेवट होतो. वाचणाऱ्याला घटकाभर बरे वाटते. परंतु दुसऱ्या दिवशी बांधावरून शेजाऱ्याशी तंटा झाला, म्हणजे त्या कथेचा त्याला काडीचाही आधार मिळत नाही.

पवित्र शास्त्रात अशीच एक हकीकत आहे. तिच्यातही सूडाने पेटलेला सरदार आहे, खेड्यातील दयाळू स्त्री आहे, आणि शेवटी विवाहही आहे. मात्र शास्त्र ती हकीकत आपली करमणूक व्हावी म्हणून सांगत नाही. ज्याचा अपमान झाला आहे, ज्याचा हात शस्त्राकडे गेला आहे, त्याला देव कसा थांबवितो, आणि त्यासाठी तो कोणाला पाठवितो, हे कळावे म्हणून ती लिहिलेली आहे. आजच्या मननासाठी हीच हकीकत घेऊ या.

१. कर्मेलातील लोकरकातरणी

ख्रिस्तापूर्वी सुमारे १००० वर्षांच्या काळातली ही गोष्ट. यहूदाच्या डोंगराळ मुलखात, हेब्रोन नगराच्या दक्षिणेस सात-आठ मैलांवर, मावोन व कर्मेल ही दोन गावे होती. एलीया संदेष्ट्याने बआलाच्या संदेष्ट्यांना ज्या कर्मेल पर्वतावर आव्हान दिले तो पर्वत दूर उत्तरेस समुद्रकाठी आहे; हे कर्मेल त्याहून वेगळे, ह्याचा वाचकांनी घोटाळा करू नये. ह्या कर्मेलाच्या पूर्वेस जमीन उतरत उतरत मृत समुद्राकडे जाते. तिकडे पाऊस थोडा, शेती थोडी, आणि गवतही थोडे दिवस टिकणारे. अशा मुलखात माणसाची संपत्ती म्हणजे त्याची मेंढरे. शेतकऱ्याला जसे खळ्याचे दिवस, तसे मेंढरे पाळणाऱ्याला लोकर कातरण्याचे दिवस. वर्षभराच्या कष्टांचे फळ त्या दिवसांत हाती येई. म्हणून ते सणासारखे पाळीत, मेजवानी करीत, आणि त्या आनंदात दारी आलेल्यालाही वाटा मिळावा अशी अपेक्षा असे.

मावोन येथे नाबाल नावाचा मनुष्य राहत असे. कर्मेलात त्याचा मोठा व्यवहार होता. त्याच्याजवळ ३,००० मेंढरे व १,००० शेळ्या होत्या. तो कालेबाच्या थोर कुळातला होता. पण कुळाचे थोरपण त्याच्या स्वभावात उतरले नव्हते. शास्त्र म्हणते की तो कठोर व दुराचारी होता. नाबाल ह्या इब्री शब्दाचा अर्थच मूर्ख असा आहे. त्याची बायको अबीगईल. ती समंजस होती व रूपवानही होती. आणि शास्त्राने तिच्या समंजसपणाचा उल्लेख तिच्या रूपाच्या आधी केला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच रानात दावीद आपल्या सुमारे ६०० माणसांसह राहत होता. इशायाचा हा पुत्र एके काळी बेथलेहेमात मेंढरे राखीत असे. पुढे शमुवेलाने त्याला अभिषेक केला, त्याने गल्याथाला मारले, आणि शौल राजाची कन्या त्याला मिळाली. आता तोच राजाचा जावई जीव घेऊन रानोमाळ हिंडत होता. त्याच्याजवळची माणसे म्हणजे कर्जात बुडालेली, गांजलेली, मनात कडवटपणा असलेली. अशा लोकांच्या हाती शस्त्रे असली म्हणजे आसपासच्या मेंढरांची धडगत नसते. परंतु दावीदाने त्यांना शिस्तीत ठेवले होते. त्यांनी नाबालाच्या मेंढपाळांचे काही चोरले नाही. उलट रात्रंदिवस त्यांच्याभोवती तटासारखे उभे राहून त्यांचे रक्षण केले. ही साक्ष स्वतः नाबालाच्या गड्याची आहे.

लोकरकातरणीचे दिवस आले तेव्हा दावीदाने दहा तरुण पाठविले. त्यांनी आधी नाबालाच्या घराला शांतीचा निरोप द्यावा, आणि मग जे हाताशी असेल ते प्रेमाने मागावे, असे त्याने त्यांना सांगितले होते. नाबालाने त्यांना झिडकारले. हा दावीद कोण, असे तो म्हणाला. धन्याला सोडून पळणारे चाकर हल्ली पुष्कळ झाले आहेत, असा टोमणाही त्याने मारला. माझी भाकर, माझे पाणी, माझ्या कातरणाऱ्यांसाठी कापलेल्या जनावरांचे मांस, हे मी कोठल्या कोण माणसांना का द्यावे, असे त्याचे म्हणणे. त्या उत्तरात ‘माझे’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ज्या मेंढरांचे रक्षण दुसऱ्यांनी केले, त्या मेंढरांवर हा मनुष्य आभाराचा एक शब्दही खर्च करावयास तयार नव्हता.

२. लहान अपमान, मोठा क्रोध

दावीदाने हे ऐकताच तलवारी बांधण्याचा हुकूम दिला. २०० माणसे सामानापाशी राहिली आणि ४०० त्याच्याबरोबर निघाली. उजाडेपर्यंत नाबालाच्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही, अशी शपथ त्याने वाहिली.

आता हा २५ वा अध्याय कोणत्या दोन अध्यायांच्या मध्ये आहे ते पाहा. २४ व्या अध्यायात एन-गेदीच्या गुहेत शौल दावीदाच्या हाती सापडला होता. दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याच्या मनाला टोचणी लागली. २६ व्या अध्यायात शौल झोपलेला असता दावीद त्याच्या उशापर्यंत गेला, आणि त्याचा भाला व पाण्याची सुरई घेऊन परत आला. त्याला इजा केली नाही. जो शौल त्याच्या प्राणावर टपला होता, त्याला त्याने दोनदा सोडून दिले. आणि ह्या दोन प्रसंगांच्या मध्ये, एका गावंढळ श्रीमंताने चार शब्द टाकून बोलल्यावरून, तोच दावीद एका घराण्याचा निर्वंश करावयास निघाला!

हे असे का झाले? शौलापुढे दावीद सावध होता. समोर देवाचा अभिषिक्त आहे, ही परीक्षा मोठी आहे, हे तो जाणत होता. नाबालाच्या बाबतीत परीक्षा आहे असे त्याला वाटलेच नाही. ह्या अध्यायाच्या आरंभीच शमुवेलाच्या मृत्यूची वार्ता आहे. वडिलकीने बोलणारा तो वृद्ध आता नव्हता. शिवाय दावीदाचा पक्ष न्यायाचा होता, आणि आपला पक्ष न्यायाचा आहे अशी खात्री झालेला मनुष्य स्वतःचे मन तपासावयास थांबत नाही.

बंधूंनो, आपणही असेच नाही काय? मोठे संकट आले, दूरच्या शत्रूने छळ केला, तर आपण गुडघे टेकतो, उपास करतो, क्षमेच्या गोष्टी बोलतो. परंतु भावकीतल्या कोणी विहिरीच्या पाळीवरून शब्द टाकला, लग्नात मानपान चुकला, पंचांपुढे कोणी आपल्याला खोटे पाडले, म्हणजे वर्षानुवर्षे आपण एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवीत नाही. शौलाला क्षमा करणारे पुष्कळ आहेत. नाबालाला क्षमा करणारे थोडे.

आणखी एक गोष्ट पाहा. दावीदाची शपथ एकट्या नाबालाविरुद्ध नव्हती. त्या घरच्या प्रत्येक पुरुषाविरुद्ध होती. ज्या गड्याने दावीदाच्या माणसांची चांगली साक्ष दिली, तोही त्या रात्री मारला गेला असता. सूडाचे स्वरूपच असे आहे. तो अपराध्याचे घर शोधीत निघतो, आणि निरपराध्याच्या मुलाबाळांवर जाऊन पडतो. ज्या गावात दोन घरांचे वैर आहे, त्या गावाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

३. अबीगईल हिने काय केले

आता अबीगईलकडे वळू या. दया म्हणजे केवळ मऊ मन व डोळ्यांत पाणी, असे पुष्कळांना वाटते. ह्या स्त्रीच्या दयेला पाय होते, हात होते, आणि बुद्धीही होती.

पहिली गोष्ट, तिने चाकराचे ऐकले. घडलेला प्रकार एका गड्याने तिला येऊन सांगितला. धनी असा आहे की त्याच्याशी कोणाला बोलता येत नाही, असेही तो म्हणाला. एकाच घरात दोन माणसे होती : एकाजवळ बोलण्याची चाकराला भीती वाटे, आणि दुसरीजवळ तो धावत येई. त्या घराचा बचाव कोठून सुरू झाला? धन्याच्या शहाणपणापासून नव्हे. गड्याने धीर केला आणि धनिणीने कान दिला, तेथून.

दुसरी गोष्ट, तिने विलंब केला नाही. तिने त्वरा केली असे शास्त्र सांगते. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधून तयार केलेली पाच मेंढरे, पाच मापे भाजलेले धान्य, खिसमिसांचे शंभर घड व अंजिरांच्या दोनशे ढेपा, हे सर्व तिने गाढवांवर लादून पुढे पाठविले, आणि मागून स्वतः निघाली. आपल्या घरावर अनर्थ येऊ पाहत आहे हे तिला ठाऊक होते. ती डोंगराच्या आडोशाने खाली उतरत असता दावीद समोरून आला.

तिने हे नवऱ्याला सांगितले नाही. कोणी म्हणेल, ही गोष्ट पत्नीधर्माला सोडून झाली. परंतु सांगितले असते तर त्याने तिला अडविले असते, आणि सकाळी तो स्वतःही जिवंत राहिला नसता. नवऱ्याच्या मूर्खपणात सामील होणे म्हणजे आज्ञापालन नव्हे. तिने त्याचा प्राण वाचविला, आणि दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आल्यावर सर्व हकीकत स्वतः त्याच्या तोंडावर सांगितली. तिने कपट केले नाही. योग्य वेळेची वाट पाहिली. दुष्ट नवऱ्याचे सर्व काही मुकाट्याने सोसावे असा बोध ह्या अध्यायातून काढून जे स्त्रियांना दाबतात, त्यांनी हा अध्याय पुन्हा एकदा वाचावा.

तिसरी गोष्ट, तिने दोष आपल्या माथी घेतला. दावीदाने पाठविलेले तरुण तिने पाहिलेही नव्हते. अपराध तिचा नव्हता. तरी ती गाढवावरून उतरून भूमीपर्यंत लवली, आणि हा दोष माझ्यावर असो असे म्हणाली. ज्याचा अपराध नाही तो अपराध्याच्या व क्रोधाच्या मध्ये येऊन उभा राहतो, हे चित्र पाहिल्यावर कोणत्या ख्रिस्ती मनुष्याला कालवरीची आठवण होणार नाही?

चौथी गोष्ट, तिने खरे सांगितले. नवऱ्याचे दोष तिने झाकले नाहीत. जसे त्याचे नाव तसाच तो, हे तिने कबूल केले. दावीदाची तक्रार खोटी आहे असेही ती म्हणाली नाही. तिने दावीदाला पुढच्या दिवसांकडे पाहावयास लावले. परमेश्वर तुला इस्राएलावर अधिपती करील, त्या दिवशी विनाकारण रक्त सांडल्याचे व स्वतःच्या हाताने सूड घेतल्याचे शल्य तुझ्या मनात नसावे, हा तिच्या बोलण्याचा गाभा होता. ती आपल्या घराची भीक मागावयास आली होती, पण जास्त काळजी तिने दावीदाच्या विवेकाची केली. सूडाने पेटलेल्या माणसाला त्याच्या शत्रूविषयी दया दाखीव असे सांगून उपयोग होत नाही. तू स्वतः काय होऊन बसशील ते पाहा, असे सांगणारा कोणी लागतो.

त्याच बोलण्यात तिने दोन दृष्टांत वापरले. परमेश्वर तुझ्या शत्रूंचे प्राण गोफणीतून भिरकावल्यासारखे फेकून देईल, असे ती म्हणाली. गोफण! ज्याने एला खोऱ्यात गोफणीचा एक धोंडा मारून गल्याथाला पाडले, त्याला ह्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. त्या दिवशी तू तलवारीवर विसंबला नव्हतास, मग आज का विसंबतोस, हे तिने न बोलता सुचविले. दुसरा दृष्टांत असा की, मौल्यवान वस्तू गाठोड्यात बांधून जवळ ठेवावी तसा तुझा प्राण देवापाशी जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहील. हा दृष्टांत यहूदी लोकांना इतका प्रिय झाला की त्याच्या इब्री शब्दांची पाच आद्याक्षरे ते आजही आपल्या थडग्यांवर कोरतात. कर्मेलच्या वाटेवर एका खेडवळ स्त्रीने रागावलेल्या माणसाला दिलेला हा दिलासा अशा रीतीने तीन हजार वर्षे टिकून राहिला आहे.

४. शपथ मोडली, पाप टळले

दावीदाचे मोठेपण असे की तो थांबला. चारशे माणसांच्या देखत, एका स्त्रीच्या सांगण्यावरून, त्याने घोडचूक होण्यापूर्वी माघार घेतली. त्याने प्रथम तिला पाठविणाऱ्या देवाचा धन्यवाद केला, मग तिच्या शहाणपणाचा, आणि मग तिचा. तिचे रूप ह्या धन्यवादात कोठेही नाही. तिने आणलेली भेट त्याने घेतली आणि तिला शांतीने घरी पाठविले.

पण त्याने शपथ वाहिली होती ना? होय, आणि ती त्याने मोडली. वाईट शपथ पाळणे म्हणजे सत्यवचनीपणा नव्हे. हेरोदाने पाहुण्यांच्या लाजेखातर आपली शपथ पाळली, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे मस्तक तबकात आले. मेल्यावरही भावाचे तोंड पाहणार नाही, अशा शपथा आपल्यातही पुष्कळांनी घेतलेल्या आहेत. बंधूंनो, अशी शपथ मोडण्यात अपमान नाही. ती पाळण्यात मात्र पाप आहे.

अबीगईल घरी आली तेव्हा नाबाल राजासारखी मेजवानी करून मद्याने झिंगलेला होता. सकाळी तिने त्याला सर्व सांगितले, तेव्हा त्याचे हृदय विरून तो दगडासारखा झाला. आणि सुमारे दहा दिवसांनी परमेश्वराच्या तडाख्याने तो मरण पावला. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. देवाने माझ्या शत्रूलाही दहा दिवसांत असेच न्यावे, असा अर्थ ह्यातून कोणी काढू नये. शत्रूच्या मरणाचे दिवस मोजीत बसणे हाही सूडच आहे. त्यात फक्त हात हलवावे लागत नाहीत. ह्या गोष्टीचा बोध एवढाच की न्याय करणे देवाचे काम आहे, आणि ते त्याच्या हाती सोडले असता तो विसरत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौलाने हेच शिकविले, आणि शत्रू भुकेला असला तर त्याला जेवावयास घाला असेही सांगितले. अबीगईल हिच्या गाढवांवरच्या भाकरी येथे आपल्याला आठवाव्यात.

५. विवाह, आणि विवाहानंतर

पुढे दावीदाने तिला मागणी घातली. ती भूमीपर्यंत लवून म्हणाली की माझ्या धन्याच्या चाकरांचे पाय धुण्यासही मी तयार आहे. आणि पाच दासी बरोबर घेऊन ती त्याच्याकडे गेली. ती काय सोडून गेली ते पाहा. भरलेले घर आणि मेंढरांचे मोठमोठे कळप तिच्यामागे राहिले. पुढे होता तो गुहांतून राहणारा एक परागंदा मनुष्य. देवाने ह्या मनुष्याविषयी दिलेले वचन खरे आहे असा तिचा विश्वास होता, आणि त्या विश्वासावर तिने आपला संसार उभा केला.

कल्पित कथा येथे संपली असती. शास्त्र पुढे जाते व काही लपवीत नाही. दावीदाने इज्रेल येथील अहीनवाम हिलाही बायको करून घेतले होते, आणि शौलाने मीखल त्याच्यापासून काढून दुसऱ्याला दिली होती, हे त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे. अबीगईल हिला सुखाचा राजवाडा मिळाला नाही. तिला पलिष्ट्यांच्या मुलखात एक वर्ष चार महिने परदेशी म्हणून राहावे लागले. सिकलाग गाव अमालेक्यांनी जाळले तेव्हा इतर स्त्रियांबरोबर तीही कैद झाली.

परंतु त्या प्रसंगी दावीदाने काय केले ते पाहा. माणसे त्याला दगडमार करू म्हणत होती. तरी त्याने आधी देवाला विचारले, आणि मग तो पाठलागास निघाला. कर्मेलाच्या वेळी त्याने देवाला विचारले नव्हते. आधी तलवार बांधली होती. ह्याही वेळी ४०० माणसे पुढे गेली आणि २०० थकून बसोर ओहोळापाशी राहिली. सर्वांची सुटका झाल्यावर, मागे राहिलेल्यांना लुटीतला वाटा देऊ नये असे काही दुष्ट म्हणू लागले. दावीद म्हणाला की हे परमेश्वराने आपल्याला दिलेले आहे, म्हणून लढणाऱ्याला व सामान राखणाऱ्याला सारखाच वाटा मिळेल. नाबालाचे ‘माझे, माझे’ एका बाजूस ठेवा, आणि दावीदाचे हे बोलणे दुसऱ्या बाजूस. हा सर्व अबीगईल हिच्याच शिकवणीचा परिणाम, असे शास्त्र सांगत नाही. पण एकदा क्रोधाच्या तोंडातून परत फिरलेला मनुष्य दुसऱ्या वेळी अधिक शहाणा असतो, हे येथे स्पष्ट दिसते.

हेब्रोनात अबीगईल हिला किलाब नावाचा पुत्र झाला. त्यानंतरच्या हकीकतीत तिचे नाव येत नाही. आणि पुढे यरुशलेमेत दावीदाने ऊरीयाचा घात करविला, तेव्हा त्याच्या वाटेत कोणी उभे राहिले नाही. नाथान आला, पण तो पापानंतर आला. अबीगईल पापाच्या आधी आली होती. नाथानाच्या शब्दांनी दावीदाला पश्चात्ताप झाला, क्षमाही मिळाली. परंतु मेलेला ऊरीया परत आला नाही. पुढे दावीदाच्याच पुत्राने, अबशालोमाने, बआल-हासोर येथे लोकरकातरणीची मेजवानी केली. बहिणीच्या अब्रूचा सूड त्याने दोन वर्षे मनात जपून ठेवला होता. त्या मेजवानीत त्याने आपला भाऊ अम्नोन ह्याला मारविले. तेथेही लोकरकातरणी, तेथेही मद्य, तेथेही खराखुरा अन्याय झालेला. वाटेवर अबीगईल मात्र नव्हती.

६. आपल्या मंडळ्यांसाठी

आता, प्रिय मंडळीतील लोकहो, ही हकीकत आपल्या घरी घेऊन जाऊ या.

पुरुषांना सांगणे असे की, अपमान झाल्यावर जो तुम्हाला थांबवितो त्याला भित्रा म्हणू नका. देवाने त्याला पाठविले असेल. बायको, आई, मुलगी, घरचा गडी, कोणीही असो, त्याचे ऐकून घ्या. दावीदासारख्या शूराला एका स्त्रीचे ऐकण्यात कमीपणा वाटला नाही.

बहिणींना सांगणे असे की, पेटलेल्या माणसावर पाणी ओतावे की तेल, हे पुष्कळदा तुमच्या हाती असते. हातात बांगड्या भरा, असे म्हणून नवऱ्याला किंवा मुलाला भांडणात ढकलणाऱ्या स्त्रिया आपल्या गावांतून आहेत, आणि त्या एका शब्दाने कित्येक जण तुरुंगात गेले व कित्येक घरे उजाड झाली. अबीगईल हिचाही अपमानाशी संबंध होता, तिच्याही घराची इभ्रत होती. तिने भाकरी बांधल्या आणि ती वाटेवर गेली.

चाकरमाणसांना व तरुणांना सांगणे असे की, आपण लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. त्या गड्याचे नावही शास्त्रात नाही. पण तो बोलला नसता तर ही हकीकत रक्ताने संपली असती.

आणि सर्वांना सांगणे असे की, प्रभुभोजनाच्या मेजापाशी येताना ज्या घराचा उंबरा तुम्ही ओलांडीत नाही त्या घराची आठवण करा. आधी भावाशी समेट करून मग वेदीकडे यावे, अशी प्रभूची शिकवण आहे. वाट पाहत बसू नका. अबीगईल हिने त्वरा केली, कारण उजाडल्यावर फार उशीर झाला असता.

ज्याने आपल्याला खिळणाऱ्यांसाठी वधस्तंभावरून क्षमा मागितली, तो दावीदाचा पुत्र येशू ख्रिस्त आपल्या प्रत्येक घरात शांती करणारी माणसे उत्पन्न करो. आपला क्रोध चालून जात असेल तेव्हा तो आपल्या वाटेत कोणाला तरी उभे करो. आणि दुसऱ्याचा क्रोध चालून येत असेल तेव्हा त्या वाटेवर उभे राहण्याचे धैर्य आपल्याला देवो. आमेन.